चौथ्या दिवसाच्या पिशव्या

माझ्या पोटात दिवसातून चार वेळा दोन लिटर पाणी भरावं लागतं आणि चार वेळा ते काढून टाकावं लागतं. भरणारा मीच, काढणाराही मीच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हल्ली लोक माझ्याशी बोलताना तोंडाकडे कमी आणि सदऱ्याच्या खालच्या बटणाकडे जास्त बघतात. बघा खुशाल. तिथे वीतभर लांबीची मऊ नळी आहे, ती पट्टीने पोटाला चिकटवलेली असते, आणि तिच्याच जिवावर मी आज हे लिहायला बसलो आहे.

मी मेस्त्री. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मालवणच्या किनाऱ्यावर तीस वर्षं हाच धंदा केला. कुणाचं इंजिन समुद्रात अडून बसलं की मला फोन येतो. नुसता आवाज ऐकून मी सांगू शकतो की पाणी कुठे शिरलंय. लिहिण्याचा आणि माझा संबंध आजवर बिलापुरता. पण आमच्या गावडे सिस्टर म्हणाल्या, "मेस्त्री, माझं पत्रक कोणी वाचत नाही. तुम्ही लिहा, तुमचं वाचतील." ज्यांना नुकतंच कळलंय की आपली मूत्रपिंडं थकली, त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तर उपकार.

चपलेचा वळ

माझी पाठ धरायची. धंदाच तसा, दिवसभर वाकून काम. पाठ धरली की औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणायची आणि कामाला लागायचं, हे वर्षानुवर्षं चाललं. डॉक्टरला विचारायचं असतं हे माझ्या गावीही नव्हतं. रक्तदाब मोजायला आशाताई घरी यायच्या तेव्हा मी मागच्या दाराने शेडमध्ये पळायचो. हे शौर्य म्हणून सांगत नाही, मूर्खपणा म्हणून सांगतो. त्या गोळ्यांनी आणि न मोजलेल्या रक्तदाबानेच मूत्रपिंडं खाल्ली, हे पुढे कळलं.

माझ्या बायकोने, सुनंदाने, पहिल्यांदा ओळखलं. एका संध्याकाळी पाय धुताना ती म्हणाली, "पायार चपलेचो वळ बघा केवढो उठलो तो. जेवाक रुची नाय, जिनो चढताना धाप लागता. उद्या दवाखान्यात चला."

मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी होडी ढकलायला हात लावला आणि दहा पावलांत वाळूत बसलो. मग ग्रामीण रुग्णालयात रक्त दिलं. तिथल्या तरुण डॉक्टरने रिपोर्ट दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि गाडी बोलावून आम्हाला गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथे सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत. माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण सवय जाते कुठे. मी विचारलं, "डॉक्टर, पार्ट मिळतो काय?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "मिळतो. पण रांग आहे, आणि घरातलं कोणी देत असेल तर तपासण्या आहेत."

सुनंदा लगेच म्हणाली, माझं घ्या. तपासणीत तिला साखर निघाली, तेव्हा नाही जमलं. मला मनातून हायसं वाटलं आणि ती मात्र परतीच्या वाटेवर बांद्यापर्यंत रडत होती. तिला वाटलं तिने मला निराश केलं. मला वाटलं मी तिला लुटायला निघालो होतो, बरं झालं वाचली. हे आम्ही एकमेकांना कितीतरी महिन्यांनी सांगितलं. तुम्ही लवकर सांगा.

मशीन

पहिले काही महिने मशीनवर गेले. गळ्याजवळ नळी, आठवड्यातून तीन दिवस तालुक्याच्या डायलिसिस केंद्रात, प्रत्येक वेळी चार तास. सरकारी योजनेत ते मोफत होतं आणि केंद्रातली माणसं कामाला वाघ होती. मशीनचंही मला कौतुक वाटे. पंप फिरताना त्याचा आवाज इतका एकसारखा, की तसा आवाज मी एकाही इंजिनातून काढू शकलेलो नाही.

पण तिथून परतलो की मी पिळलेल्या पंच्यासारखा व्हायचो. तीन दिवस जाण्यायेण्यात, तीन दिवस सावरण्यात. शेडला कुलूप. आणि पावसाळ्यात आमचा व्हाळ, म्हणजे ओढा, भरून रस्त्यावर आला, एसटी आली नाही, मशीनची एक पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी माझी छाती पाण्याने भरली आणि मला पडल्या पडल्या बुडाल्यासारखं झालं. समुद्राकाठी जन्म काढून बिछान्यावर बुडायची वेळ आली.

आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. ती म्हणाली, बाबा आता बास, इकडे या, दहा मिनिटांवर हॉस्पिटल आहे. सुनंदाचं मन तिकडे झुकलं. माझं नाही. आठवडाभर आम्ही दोघं फक्त मीठ, पाणी आणि गोळ्या या तीन विषयांवर बोललो.

तेव्हा मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळी वाट दाखवली. त्या महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी येतात, बाकीचे दिवस फोनच्या पडद्यावर भेटतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी सांगितलं की पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो, त्याचीच गाळणी करता येते. औषधी पाणी पिशवीतून पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, ते रक्तातली घाण ओढून घेतं, मग काढून टाकायचं. मशीन नको, वीज नको, एसटी नको. घरच्या घरी.

"म्हणजे ऑइल बदलल्यासारखं," मी म्हणालो.

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "फक्त इथे एक जंतू जरी आत गेला तर इंजिन बसतं."

मी सुनंदाला शब्द दिला: पिशव्यांचं वर्षभर नीट जमलं तर गावात राहायचं. एकदा जरी पोटात जंतू गेले तर निमूटपणे पुण्याला.

हात दाखवा

गावडे सिस्टरांनी मला शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी नळी, पिशवी काहीच दाखवलं नाही. म्हणाल्या, "हात दाखवा."

मी दाखवले. माझ्या नखांत तीस वर्षांचं ग्रीस. त्यांनी मला नखं घासायचा ब्रश दिला आणि धुवून यायला सांगितलं. आलो. परत पाठवलं. असं तीन वेळा. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "सिस्टर, आता कातडी निघेल."

"निघू दे," त्या म्हणाल्या. "कातडी परत येते."

मग त्या घरी आल्या. आमच्या पडवीजवळच्या खोलीत वर बघितलं, कौलातून धूळ पडते म्हणाल्या. सुनंदाने वर प्लास्टिकचं छत ताणलं. कोंबड्यांना खोलीबंदी झाली. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, टेबल पुसायचं, हात धुवायचे, आणि मग पिशवी. आधी माझं बोट भलतीकडेच लागायचं आणि पुन्हा हात धुवावे लागायचे. वाल्व कधी उघडायचा, आधी काढायचं की भरायचं, हे मात्र मला एकदा सांगून पुरलं. सिस्टर म्हणाल्या, असा विद्यार्थी मिळाला नव्हता. हे मी गावभर सांगितलं.

शेवटी त्यांनी एक परीक्षा शिकवली. पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. अक्षरं धूसर दिसली तर आत जंतू शिरले, मिनिटाचाही वेळ न घालवता फोन करायचा. तेव्हापासून मी रोज सकाळी माझ्या पोटातल्या पाण्यातून वर्तमानपत्र वाचतो. बातम्या त्याने सुधारत नाहीत.

आणखी एक गोष्ट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या उपचारात अंगातलं प्रथिन जातं, तेव्हा मासे खा, फक्त मीठ नको. मालवणी माणसाला मासे खा म्हणणाऱ्या वैद्यकशास्त्रापुढे मी त्या दिवशी मनोमन हात जोडले. खारवलेला बांगडा सुटला तेवढं एक दुःख.

वाद

हे सगळं आपोआप मिळालं नाही. त्याआधी तालुक्याला एक बैठक झाली आणि पेशंट म्हणून मलाही बोलावलं. आरोग्य खात्यातले एक साहेब म्हणाले, मशीनची केंद्रं वाढवा, तिथे सगळं डोळ्यांसमोर होतं. खेड्यातल्या घरात चूल, धूर, गुरं. हा माणूस घरी काय करतो ते आपण बघणार कोण? जंतुसंसर्ग झाला की तो मरणार आणि नाव उपचाराचं खराब होणार. ते वाईट माणूस नव्हते. माझी तेव्हाची नखं बघता मीही त्यांच्याच बाजूने बोललो असतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केंद्रं हवीतच, पण घाटाखालच्या वाडीतला माणूस आठवड्यातून तीनदा केंद्रापर्यंत पोचणार कसा? शेवटी ठरलं की जिल्ह्यातल्या चौघांना वर्षभर घरी पिशव्या द्यायच्या आणि मग निर्णय घ्यायचा. चौघांतला एक मी. दुसरी तोंडवलीची शैला. तिच्या घरी पर्यटकांना राहायला दोन खोल्या आहेत. उरलेले दोघे वैभववाडीकडचे. आमच्या चार पोटांवर पुढच्या कितीजणांचं अवलंबून होतं, हे सिस्टर आम्हाला दर भेटीत ऐकवायच्या.

दहा महिने निर्विघ्न गेले. शेड उघडली. आणि मग आमच्या गावाला गावपळणीचा कौल झाला.

गाव बाहेर पडतो

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आधीच फार लोक कॅमेरे घेऊन येतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे काही वर्षांनी एकदा, देवाने कौल दिला की अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरांना कड्या घालून व्हाळापलीकडे झावळांच्या खोपी बांधून राहायचं. तीन दिवस, तीन रात्री गावात कोणी पाऊल टाकत नाही. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळात जाऊन देवाला विचारतात. हो म्हणाला की गाव परत घरी.

मला घरी ठेवून गाव जाईल, हा विचार कुणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही. मी सिस्टरांना फोन केला. मला वाटलं त्या कानांवर हात ठेवतील. पण त्या म्हणाल्या, "खोप मी बघायला येते. आणि पिशव्या मोजून घेऊ नका. दोन दिवसांच्या जादा घ्या."

"घेतो," मी म्हणालो.

त्या आल्या, जागा बघितली. आमचे आबा, देवाचे मानकरी, ऐंशीच्या घरातले, त्यांच्यासोबत फिरले. आबा मला म्हणाले, "मेस्त्री, तुझी खोप मधी नको. वाऱ्याच्या आडोशाक बांधूया. चुलीचो धूर थंय येवचो नाय." सिस्टरांनी आतून चारी बाजूंनी प्लास्टिक लावायला सांगितलं. पिशवी टांगायला मी होडीच्या जुन्या नांगराच्या सळईचा आकडा करून वाशाला ठोकला. त्या आकड्याचा मला अजून अभिमान आहे.

पिशव्या मात्र मी बारा बांधल्या. निघायच्या दिवसाच्या तीन, पुढचे दोन दिवस चार-चार, आणि चौथ्या सकाळची एक. मी सुनंदाला म्हणालोही, "जादा घेवया काय?"

तिने हातातलं काम थांबवलं. "चवथ्या दिसाचा सामान कोण बांधता? आपणच देवाक नाय म्हणूक सांगाचा काय?"

आमच्यात चौथ्या दिवसाचा तांदूळसुद्धा कोणी बांधत नाही. तसं करणं म्हणजे परतीच्या वाटेत आडवं जाणं. मला हे लहानपणापासून माहीत होतं, म्हणून मीही पुढे बोललो नाही. सिस्टरांचा फोन आला तेव्हा सुनंदा समोर बसली होती. "जादा घेतल्यात ना?" त्यांनी विचारलं.

"घेतल्या," मी म्हणालो. माझ्या दहा महिन्यांतलं पहिलं खोटं.

निघताना वेशीवर आबांनी गाऱ्हाणं घातलं. ढोरं, वासरं, कोंबडी, लेकरंबाळं, सगळ्यांची राखण कर म्हणून झालं. मग ते थांबले आणि म्हणाले, "आनी जो पोटाक नळी लावन तुझ्या हुकमान भायर पडता, तेचीय राखण कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. मला मान वर करवेना.

व्हाळापलीकडे

ते तीन दिवस मी जन्मात विसरणार नाही. आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माझी वेळ झाली की कोणीतरी हाक द्यायचं, "मेस्त्रीचा पाणी बदलूचो टायम झालो." की जवळच्या चुलींवर पाणी पडायचं, झाडू थांबायचे, फुगड्या घालणाऱ्या बाया धूळ उडते म्हणून जागच्या जागी बसायच्या. एकदा तर भजन रंगात आलेलं, तेही थांबलं. मृदंगवाला हात मांडीवर ठेवून अर्धा तास बसून राहिला. आत खोपीत मी मास्क लावून नळी जोडतोय आणि बाहेर शेकडो माणसं गप्प. इस्पितळात एवढी शांतता मी कधी ऐकली नाही.

पिशवीतून निघालेलं पाणी प्रत्येक वेळी लख्ख. मी खुशीत होतो. बारावी पिशवी चौथ्या सकाळी लावली आणि सुनंदाने सामान आवरायला घेतलं.

दहाच्या सुमाराला आबा आणि मानकरी देवळातून परतले. आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"आज नाय," ते म्हणाले. "देव म्हणता उद्या बघूया."

लोक हसले, कुरकुरले, कोणी उसना तांदूळ मागायला निघालं. मी मात्र पिशव्यांच्या रिकाम्या खोक्याकडे बघितलं. दुपारची पिशवी नव्हती. संध्याकाळची नव्हती. उद्याही देव नाही म्हणाला तर पुढची एकही नव्हती. आणि व्हाळाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, माझ्या घराची कौलं दिसत होती. तिथे महिन्याची खोकी रचून ठेवलेली.

मी सुनंदाला हळूच सांगितलं. चौथ्या दिवसाचं सामान बांधू नका म्हणणारी तीच. ती उठली, पदर खोचला आणि व्हाळाकडे चालू लागली. "मी जातंय. देवाचा काय आसात ता माझ्यार. माका तुमी होये."

मी तिचा हात धरला. आबांनी ते बघितलं, जवळ आले, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "जावंदे तिका. घेवन येवंदे. देवाक काय सांगाचा ता मी सांगतंय."

आबांनी असं म्हणावं, याहून मोठं काय असतं? पण मला ते घेववेना. तीन दिवस या माणसांनी माझ्यासाठी चुली विझवल्या. मी त्यांच्यासाठी एक व्हाळ पाळू शकत नव्हतो? आणि चूक गावाची नव्हती, देवाचीही नव्हती. मी खोटं बोललो होतो. आधी ते निस्तरायला हवं होतं.

मी सिस्टरांना फोन लावला.

खोटं

मी सगळं सांगितलं. गावडे सिस्टर दवाखान्यात नेहमी पुस्तकी मराठी बोलतात. त्या दिवशी म्हणाल्या, "मेस्त्री, तुमी माझ्याशी खोटा बोललात?"

"बोललंय, सिस्टर."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना पडद्यावर आणलं. बाई म्हणाल्या, दुपारची चुकली तरी चालेल, पण संध्याकाळच्या आत एक बदल झालाच पाहिजे. मीठ बंद, पाणी घोटभर, आणि जरा जरी धाप लागली तरी गाडीत बसायचं. मी विचारलं, दवाखान्यातून पिशवी मिळेल काय? सिस्टर म्हणाल्या, दवाखान्यात एकही नाही. योजनेतल्या पिशव्या थेट पेशंटच्या घरी जातात, दवाखान्याने चार जादा ठेवाव्यात अशी सोय कागदावर कुठेच नाही. "बघते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी खोपीत पडून राहिलो. त्या दुपारी मनात एकच हिशोब चालला होता: धाप लागली तर संपलं. पुण्याचं तिकीट. शेडला कायमचं कुलूप. आणि त्या बैठकीतले साहेब बरोबर ठरणार, माझ्यामागे रांगेत असलेल्या सगळ्यांचं दार बंद होणार. मी माझ्या श्वासाचा आवाज इंजिनासारखा ऐकत होतो.

उन्हं कलायच्या आत एक स्कूटर येऊन थांबली. नवरा चालवत होता, मागे शैला, तोंडवलीची, आणि तिच्या मांडीवर खोकं. ती उतरली, दम घेतला आणि खोकं सुनंदाच्या हातात दिलं. सात पिशव्या.

"सिस्टरनी सांगितलं तुका?" मी विचारलं.

"त्यांचो फोन आता इलो," शैला म्हणाली. "खोका मी चार दिवस आधीच बांधून ठेवलंय. माझा म्हायार तुमच्या शेजारच्या गावात. आमच्याकडे पण गावपळण आसता. चवथ्या दिसाचा कोण बांधता? माका ठावक होता, तुमी आणूचे नाय."

सुनंदाचे डोळे भरून आले. "आनी देव?"

"तुमी खंय बांधलात? मी बांधलंय. दुसऱ्यान बांधला तर देवाची हरकत नाय."

दर महिन्याला एखाददुसरी पिशवी जादा येते. तिने त्या साठवल्या होत्या. आता तिच्याकडे अडीअडचणीला एकही उरली नव्हती, आणि आजारी माणसाला ती एक पिशवी म्हणजे काय असतं हे मी जाणतो. मी काही बोलायला गेलो तर ती म्हणाली, "हात धुवा आधी."

हाक गेली. चुली विझल्या. मी हात धुतले, जन्मात धुतले नव्हते इतके, आणि पिशवी आकड्याला टांगली.

आबांचं वाचन

दुसऱ्या सकाळी देव हो म्हणाला. गाव घरी आला, घरोघरी चुली पेटल्या. माझी धास्ती मात्र तेव्हा सुरू झाली. जंतू शिरले असतील तर दोनतीन दिवसांत पाणी गढूळ होतं, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. एकट्याने बघायची माझी हिंमत होईना.

आबा रोज सकाळी काठी टेकत यायचे. चष्मा पुसून वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पिशवीतून मोठ्याने वाचायचे. पहिल्या दिवशी त्यांनी हवामानाचा अंदाज वाचला. दुसऱ्या दिवशी नारळाचे दर. तिसऱ्या दिवशी एका वधूवर मेळाव्याची अख्खी जाहिरात, फोन नंबरासकट, एकही अक्षर न अडखळता. "स्वच्छ आसा रे," ते म्हणाले. सुनंदा चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पत्रक

वर्ष भरलं तेव्हा पुन्हा बैठक झाली. तेच साहेब. त्यांनी विचारलं की वर्षात काही अडचण आली का. चौघांच्याही पोटात एकदाही संसर्ग नाही, कागद चोख होते. गप्प बसलो असतो तर कोणालाच कळलं नसतं. पण एकदा खोटं बोलून मी कानाला खडा लावला होता. मी गावपळण सांगितली, बारा पिशव्या सांगितल्या, खोटंही सांगितलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही सूचना पाळली नाहीत."

"नाही पाळली."

मला वाटलं, झालं. तेवढ्यात गावडे सिस्टर उठल्या. "साहेब, चूक माझी धरा. जादा बांधा, असं मी त्यांना सांगितलं. पण जिथे चौथ्या दिवसाचं सामान बांधायचंच नसतं, तिथे बांधायला सांगून काय उपयोग? मी विचारायला हवं होतं. तोंडवलीच्या बाईंना जे कळलं ते मला कळलं नाही."

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी विचारलं, "जिल्ह्यात अशा किती गावांत गावपळण होते?" आणि ते लिहून घेऊ लागले. हा प्रश्न विचारणारा सरकारी माणूस मी पहिल्यांदा बघितला. त्या माणसाविषयी माझ्या मनात जे काही वाकडं होतं, ते मी तिथेच टाकून दिलं.

घरच्या पिशव्या चालू राहिल्या. रांगेतल्या आणखी काहींना मिळू लागल्या आणि दवाखान्यात आता एक कपाट जादा पिशव्यांचं आहे. शैलाला मी तिच्या सात परत केल्या, वर तिच्या नवऱ्याच्या स्कूटरचं इंजिन खोलून बसवून दिलं.

गेल्या आठवड्यात सिस्टरांनी नवं पत्रक पाठवलं. सकाळची पिशवी नुकतीच उतरवली होती. वर्तमानपत्र आलं नव्हतं, म्हणून सुनंदाने ते पत्रकच टेबलावर पसरलं आणि वर पिशवी ठेवली. ती पाण्यातून एकेक ओळ वाचत खाली गेली. हात धुवा. पंखा बंद करा. मग ती थांबली. मला वाटलं, अक्षर दिसत नाही.

"काय झाला गो?"

तिने डोळे पुसले आणि बोट ठेवून वाचलं. "तुमच्या गावात गावपळण असल्यास आधी कळवा. चौथ्या व पाचव्या दिवसाच्या पिशव्या दवाखाना बांधून देईल. तुम्ही बांधू नका."